मधुमेह आणि बीपीच्या गोळ्या चालू असताना १२०० कॅलरीचं डाएट सुरू करू का?

तुम्ही लिहिलंय की वय ५१, वजन ९४, आठ वर्षांपासून मधुमेह, चार वर्षांपासून बीपी. जिमच्या ट्रेनरने १२०० कॅलरीचा तक्ता दिलाय आणि सोमवारपासून सुरू करायचंय. सोमवार राहू द्या. आधी तुमच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर काढून ठेवा.

मी डॉक्टर नाही. सोलापुरात एका शाळेच्या ऑफिसात काम करते, वय ५७. शुगर बारा वर्षांची, बीपी आणि थायरॉइड तिच्या मागोमाग आले. चार वर्षांपूर्वी मलाही फोनवर असाच एक तक्ता आला होता, ११०० कॅलरीचा. सकाळी पोह्यांऐवजी काकडी आणि ताक, दुपारी एक फुलका. गोळ्या मात्र नेहमीच्याच घेत राहिले. खाणं ही आपल्या स्वयंपाकघरातली बाब, त्यात डॉक्टरांना काय सांगायचं, असं वाटलं. चौथ्या दिवशी दुपारी साडेबाराला फीचे पैसे मोजत होते. तेच बंडल तीनदा मोजलं, तिन्ही वेळा आकडा वेगळा. हात थरथरायला लागले, घामाने ब्लाउज भिजला आणि समोर उभ्या असलेल्या पालकांवर मी उगाचच खेकसले. आमच्या शिपाईमामांच्या घरी शुगरची पेशंट आहे, म्हणून त्यांना लगेच कळलं. चहाच्या डब्यातली साखर पाण्यात कालवून त्यांनी मला प्यायला लावली. नंतर एका मॅडमच्या ग्लुकोमीटरवर बघितलं तर ५८, आणि तेही साखर पोटात गेल्यावर! ७० च्या खाली गेली की शुगर लो समजतात.

माझ्या गोळीत ग्लिमेपिराइड होतं. हे औषध स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवलात की नाही हे ते बघत नाही. तुमच्या गोळीतही ते आहे. तुम्ही 'मेटफॉर्मिनची गोळी' म्हटलंय, पण जे ब्रँडचं नाव दिलंय ती दोन औषधं एकत्र असलेली जोडगोळी आहे. पट्टीवर ब्रँड मोठ्या अक्षरात असतो आणि आतली औषधं मुंगीएवढ्या. चष्मा लावून वाचा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी एखादं नाव दिसलं किंवा इन्शुलिन चालू असलं, तर जेवण कमी करण्याआधी डोस कमी करावा लागतो का, हे डॉक्टरांनाच विचारायचं. नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा एवढी खाली जात नाही.

तुमची दुसरी गोळी डापाग्लिफ्लोझिन. ही लघवीवाटे साखर बाहेर टाकते. तिच्यावर असताना एकदम उपाशी राहिलं किंवा भात-भाकरी पूर्ण तोडली, तर रक्तात किटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून आम्लता होऊ शकते. घोळ असा की तेव्हा मीटरवर शुगर जवळपास नॉर्मल दिसू शकते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप यांना 'डाएटमुळे पित्त झालं' म्हणून घरी बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

राहिली बीपीची गोळी. वजन उतरलं की बीपीही उतरतं आणि जुना डोस जास्त होतो. मला हे चार महिन्यांनी कळलं. पहाटे अंथरुणातून उठताना भिंत धरावी लागायची. डॉक्टरांनी मोजलं तर १०४/६६. टेल्मिसार्टन या बीपीच्या औषधाबरोबरचं लघवी वाढवणारं औषध त्यांनी बंद केलं, तेव्हा चक्कर थांबली. तुम्ही घरी मशीन घ्या आणि बसून, मग उभं राहून, असं दोनदा मोजा. आणि एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती: 'लो सोडियम' मीठ. सुनेने कौतुकाने आणलं होतं. त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम असतं, टेल्मिसार्टननेही शरीरात पोटॅशियम साठतं, आणि किडनी थोडी जरी अशक्त असली तरी दोन्ही मिळून हृदयाचे ठोके बिघडवू शकतात. त्यापेक्षा साधं मीठच कमी घाला, लोणचं-पापड आवरा.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना तो तक्ता सोबत न्या आणि 'डाएट करू का' असं मोघम विचारू नका. 'हे एवढंच खाणार आहे, तर कोणती गोळी किती घेऊ आणि पहिले पंधरा दिवस शुगर कधी कधी तपासू' असं विचारा. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), पोटॅशियम, लघवीतलं प्रोटीन, तीन महिन्यांची सरासरी शुगर एवढं तरी आधी करून घ्या. ट्रेनरने सांगितलेली प्रोटीन पावडर किडनीचे रिपोर्ट येईपर्यंत आणू नका.

तुम्ही ८०० कॅलरीच्या परदेशी प्रयोगाचं विचारलंय, ज्यात मधुमेह 'गेला'. तो स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या टाइनसाइड भागात झाला, निष्कर्ष डिसेंबर २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरीचं सूप आणि शेक, तीन ते पाच महिने. वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती, दोन वर्षांनी ३६ टक्के. एवढं फॉरवर्डमध्ये येतं. त्या सगळ्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, इन्शुलिनवर कुणी नव्हतं आणि मधुमेहाच्या व बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी देखरेखीखाली थांबवल्या होत्या, हे मात्र येत नाही. तुमचा मधुमेह आठ वर्षांचा आहे. सोप्या भाषेत, जो भाग घरच्या घरी जमणारा नाही तोच लोक गाळतात.

डॉ. दीक्षितांचं दोनदाच जेवणं की ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं खाणं, यावर आमच्या स्टाफरूममध्ये भांडणं झालीत, त्यात मी पडत नाही. दोनदा जेवा नाहीतर सहादा, सकाळी आठला ग्लिमेपिराइड आणि पहिला घास एकला, हे गणित चुकलेलंच.

आता ताटाकडे. १२०० तुम्हाला कमी आहेत. दिवसभर दुकानात उभं राहणाऱ्या ९४ किलोच्या माणसाला दोन हजारांच्या पुढे लागतात. त्यातून पाचशे कमी केले तरी आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास वजन उतरतं, आणि भसाभस उतरवण्यात पित्ताशयात खडे होण्याची भीती असते. मी सुरुवात भाकरीपासून केली, तिथे चुकले. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी जेमतेम दोनशे कॅलरीची. खरा चोर तेलाचा डबा. आम्ही घरात चौघं, महिन्याला पाच लिटर तेल. हिशेब केला तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे जवळपास ३४० कॅलरी, दीड भाकरीपेक्षा जास्त! आणि त्यात आमची शेंगा चटणी धरलेलीच नाही. ती दोन मोठे चमचे घेतली की शंभर कॅलरी, वर तेलाची धार निराळी. (सोलापूरकराला चटणी सोड म्हणणं म्हणजे काय, हे पुण्याच्या आहारतज्ज्ञाला कळत नाही.) मी सोडली नाही, एका चमच्यावर आले. फोडणी पळीने घालायची ती चहाच्या चमच्याने घालते. पाच लिटरचे तीन झाले. बाकी रोज मटकी किंवा मुगाची उसळ, आणि दुपारची भाकरी दोनाची दीड.

चौदा महिन्यांत ८१ वरून ७२ वर आले. जाहिरातीत कुणी छापणार नाही असा आकडा, पण तीन वर्षं टिकलाय. ग्लिमेपिराइड निम्मं झालं, बंद नाही झालं. थायरॉइडची गोळी मात्र पहाटे उपाशीपोटीच, नाश्त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, त्यात बदल नाही.

शुगर लो झालीच तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर पुन्हा साखर. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, हे घरच्यांना आजच सांगून ठेवा. बीपीसाठी मेटोप्रोलोल किंवा अटेनोलोल असेल तर थरथर, धडधड कमी जाणवू शकते, घाम मात्र येतो.

उपवासाचं शेवटी विचारलंत. पंढरपूर इतकं जवळ, आषाढी मी सोडलेली नाही. साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी करते, त्या दिवशीच्या गोळीचं आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून ठेवते आणि पर्समध्ये साखरेची पुडी असते. चार वर्षांत ती दोनदा फोडावी लागली, त्यातली एकदा शेजारच्या काकूंसाठी.