पर्सेंटाइल 16 म्हणजे नापास नव्हे

"मॅडम, सोळा! पस्तीसला पास होते, आन् याचे सोळा. पोट्टा रोज दोन तास अभ्यास करून राहिला," नागपुरातल्याच मानेवाड्याहून आलेले वडील अहवाल पुढे सरकवत म्हणाले.

मुलगा पाचवीतला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) बुद्ध्यांक 85, पर्सेंटाइल 16. शाळेच्या सांगण्यावरून चाचणी केली, अहवाल हातात पडला, समजावला कुणीच नाही. असं फार वेळा घडतं.

सोळा हे मार्क नाहीतच. त्याच्या वयाची शंभर मुलं ओळीने उभी केली तर साधारण सोळा त्याच्या मागे, एवढंच. "म्हणजे बाकीचे पुढेच ना?" आई म्हणाल्या. पुढेच, पण किती पुढे, ते पाहायचं.

कागदावर दोन तुकड्या मांडल्या. दोन्हींची सरासरी 60. 'अ'मधली बहुतेक मुलं 55 ते 65 मध्ये, 'ब'मधली 45 ते 75 मध्ये. 50 मार्कांचा मुलगा 'अ'मध्ये पार मागे, 'ब'मध्ये घोळक्यातच. हा जो पसारा, त्याचं माप म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन: 'अ'चं 5, 'ब'चं 15. बुद्ध्यांकात सरासरी 100 आणि हे माप बहुधा 15 धरतात. शंभरातली सुमारे 68 मुलं 85 ते 115 मध्येच येतात. हा त्या घोळक्याच्या काठावर. बौद्धिक अक्षमतेचा विचार साधारण 70 च्या खाली सुरू होतो, तोही मुलाचे रोजचे व्यवहार तपासूनच.

वडील सैलावले. मला मात्र आतलं पान जास्त महत्त्वाचं वाटत होतं. चाचणी मालिन यांची होती. भारतीय मुलांसाठी ती बेतणारे डॉ. आर्थर मालिन आपल्या नागपुरातच काम करत. तिच्या उपचाचण्यांपैकी, म्हणजे छोट्या भागांपैकी, साम्य ओळखण्यात 104, अंकस्मरणात (ऐकलेले आकडे लक्षात ठेवून सांगण्यात) 68. फरक 36 चा, म्हणजे दोन स्टँडर्ड डेव्हिएशनहून (15 च्या दुपटीहून) जास्त, आणि एकूण 85 मध्ये तो दिसतच नव्हता. मी सहज "सात, दोन, नऊ" म्हटलं, उलटं सांग म्हटलं. "नऊ... सात..." करून तो बोटांकडे पाहत राहिला.

एका उपचाचणीवरून निदान करत नाहीत. कान तपासून घ्या, वाचन-लेखनाची चाचणी करा, असं सुचवलं. वर्गशिक्षिकेसाठी आईंनी तिथेच लिहून घेतलं: सूचना एका वेळी एकच, तोंडी गणित फळ्यावर लिहून. रात्रीचे उलटे पाढे तूर्त बंद करायला वडील कसेबसे तयार झाले.