हिऱ्यातल्या क्वांटम मेमरीकडे वळण्याआधी

पोरी, आर्वीसारख्या तालुक्याच्या गावी बीएस्सी करताना हा विषय घ्यावासा वाटला, याचा मनापासून आनंद झाला. पण थेट मेमरीला, म्हणजे क्वांटम माहिती साठवण्याला, हात घालू नको.

अणुकेंद्राचा स्पिन, म्हणजे इवल्या चुंबकासारखा त्याचा अंगभूत गुण, आजूबाजूच्या गोंधळापासून अलिप्त राहतो, म्हणून माहिती टिकवतो. २०१२ मध्ये हार्वर्डच्या गटाने कार्बन-१३ च्या (कार्बनच्या जड प्रकाराच्या) केंद्रकात, साध्या खोलीच्या तापमानाला, क्यूबिट (क्वांटम माहितीचा एकक) एका सेकंदाहून जास्त टिकवला. पण त्याच अलिप्तपणामुळे तो थेट वाचताही येत नाही. लिहिणं-वाचणं सगळं शेजारच्या नायट्रोजन-पोकळी दोषाच्या (हिऱ्यात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि त्याला लागून एक रिकामी जागा) इलेक्ट्रॉनमार्फत. नवखे इथेच चुकतात, इलेक्ट्रॉन सोडून केंद्रकामागे धावतात.

तेव्हा आधी एवढंच कर:

- हिऱ्यावर हिरवा लेझर टाकून त्यातून येणारी लाल चमक मोज. गॉगल घातल्याशिवाय लेझर लावायचाच नाही.
- मायक्रोवेव्हची वारंवारता हळूहळू बदल. २.८७ गिगाहर्ट्झजवळ चमक उतरली पाहिजे, ग्राफवर तिथे दरी दिसेल.
- मग चुंबक जवळ आण आणि ती दरी दुभंगताना बघ.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं भान ठेव. तापमान एका अंशाने वाढलं की दरी सुमारे ७४ किलोहर्ट्झ खाली सरकते. सकाळ-दुपारीत १५ अंशांचा फरक पडला, तर मेगाहर्ट्झच्या वर गेलं! पोरं उगाच चुंबकाला दोष देतात. वहीत प्रत्येक नोंदीपुढे तापमान लिही. लाइन जाऊन आली तर लेझर स्थिर होऊ दे, मगच मोज.

स्पिन उलटण्याचा काळ आणि फेज (स्पिनच्या दोन अवस्थांमधला ताळमेळ) बिघडण्याचा काळ वेगळे, हेही आत्ताच पक्कं कर. पल्सची गणितं सध्या राहू दे. दरी रोज नीट मिळायला लागली की ग्राफ पाठव.