४ कोअर, ८ थ्रेडच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनला किती कोअर द्यावेत?

आठ देऊ नका. दोनपासून सुरुवात करा, फार तर तीन.

लॅपटॉप ४ कोअर, ८ थ्रेडचा, रॅम १६ जीबी, आणि विंडोजवरच्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) उबुंटू लिनक्स चालवून त्यात सी प्लस प्लसचा मोठा प्रोजेक्ट बिल्ड करायचा, असं तुम्ही लिहिलंय. टास्क मॅनेजर आठ आलेख दाखवतो, पण खरे कोअर चारच. एका कोअरचे दोन थ्रेड त्याच कोअरची साधनं आणि कॅश (जवळची वेगवान मेमरी) वाटून घेतात. थोडा फायदा होतो, वेग दुप्पट होत नाही. खऱ्या कोअरपेक्षा जास्त देऊ नका, हायपरथ्रेड, म्हणजे हे जादा थ्रेड, धरू नका, असं व्हर्च्युअलबॉक्सचं मॅन्युअलही सांगतं.

जास्त दिल्याने नुकसान कसं होतं, हे नीट समजून घ्या. व्हर्च्युअल मशीनचा प्रत्येक कोअर विंडोजच्या दृष्टीने फक्त एक थ्रेड असतो. ब्राउझर किंवा अँटिव्हायरसला प्रोसेसर हवा झाला की विंडोज त्यातला एखादा थ्रेड मध्येच थांबवतं. नेमका त्याच वेळी आतल्या उबुंटूच्या कर्नलचा (गाभ्याचा) लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारा ताबा, त्या थ्रेडच्या हातात असेल, तर मशीनचे बाकीचे कोअर तो सुटेपर्यंत नुसते गोल फिरत बसतात. आत शंभर टक्के वापर दिसतो, काम मात्र पुढे सरकत नाही. म्हणून निदान एक खरा कोअर विंडोजसाठी मोकळा राहू द्या.

मग मोजा. दोन कोअरवर पूर्ण बिल्ड 'टाइम' ही वेळ मोजणारी कमांड लावून करा, मग तीनवर. बिल्ड चालवणाऱ्या मेकला एका वेळी जितके कोअर तितकीच कामं द्या. फरक नगण्य असेल तर दोनच ठेवा, कारण अडचण दुसरीकडे आहे. कोडमध्ये टेम्पलेट (कंपायलरला जादा काम लावणारे साचे) भरपूर असतील तर कंपायलरची एकेक प्रोसेस जीबीभर रॅम सहज खाते. मशीनला चारच जीबी दिली असेल आणि स्वॅप, म्हणजे रॅम संपल्यावर डिस्कचा वापर, सुरू झालं, तर कोअर वाढवून बिल्ड आणखी रखडेल. मी तरी आधी रॅम आठ जीबी करेन. शेवटचं लिंकिंग, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणं, तर बऱ्याचदा एकाच कोअरवर चालतं.

आणखी एक: मशीनच्या खिडकीत खालच्या पट्टीवर हिरवं कासव दिसतंय का? दिसत असेल तर व्हर्च्युअलबॉक्स हायपर-व्हीवरून, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीन यंत्रणेवरून, चाललंय, आणि तो संथपणा कोअर वाढवून जाणार नाही. आधी हायपर-व्ही बंद करता येतं का पाहा.

कोअरचा आकडा बदलताना मशीन पूर्ण शटडाउन करा. 'सेव्ह स्टेट' करून ठेवलेल्या मशीनचा आकडा बदलता येत नाही.