मुंबईतल्या जुन्या हॉटेलची आठवण म्हणून भिंतीवर चित्र काढायचं झालं, तर कोणतं हॉटेल निवडाल आणि चित्रात काय दाखवाल?

काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल. दुसरं नाव माझ्या मनात येतच नाही. आज त्या इमारतीला एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात आणि तिची दशा पाहवत नाही.

लहानपणी वडिलांचं बोट धरून मी तिथे वकिलांकडे जायचो. हॉटेल केव्हाच बंद पडलं होतं. समोरच कोर्ट, त्यामुळे आत जिकडेतिकडे वकिलांची ऑफिसं. वडील कागदपत्रं दाखवत बसले की मी बाहेर सज्जात जाऊन कठड्याला हात लावायचो. गंजाचे पोपडे निघायचे, तळवे लाल व्हायचे.

म्हणून चित्रात आधी इमारतीचा तो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा सांगाडा हवा. १८६०च्या दशकात खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतल्या, जहाजाने मुंबईला आणल्या आणि इथे जोडल्या. आराखडा रोलंड ऑर्डिश या इंजिनिअरचा. साहेबांच्या मेजवान्या कोणीही रंगवेल. मला मात्र बोटीतून उतरलेले ते खांब उचलून उभे करणारे हात दिसायला हवेत.

मग ७ जुलै १८९६. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा दाखवला गेला तो याच हॉटेलात, एक रुपया तिकिटाने. पडद्यावर आगगाडी स्टेशनात शिरत होती! पण चित्रात मी आणखी एक माणूस उभा करीन : आपले सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. ल्युमिएरचे खेळ पाहून त्यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. भारतीय सिनेमाची सुरुवात सांगताना त्यांचं नाव मागे पडतं, याचं मला फार वाईट वाटतं.

जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट तुम्हाला हमखास सुचवली जाईल. तिला भक्कम पुरावा नाही, ती घेऊ नका. त्यापेक्षा २००५ मध्ये इमारतीचा भाग कोसळून एकाचा जीव गेला, ते एखाद्या रिकाम्या सज्जातून सूचित करा.

आणि कठड्यावर कावळे हवेतच. १८९६ मध्येच अमेरिकन लेखक मार्क ट्वेन इथे उतरला होता आणि त्याने इथल्या कावळ्यांवर भरभरून लिहिलं. लहानपणी माझ्या शेजारी कठड्यावर तेच येऊन बसायचे.