भाडेपट्ट्याच्या जमिनीवरच्या जुन्या फ्लॅटच्या दुरुस्तीचा खर्च कसा काढायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगावात भाडेपट्ट्याच्या जमिनीवरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके, कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्र) ६२० चौरस फूट, बांधकाम नव्वदच्या दशकातलं. ठेकेदार चौरस फुटाला १,२०० रुपये म्हणतो, म्हणजे ७ लाख ४४ हजार. हा आकडा बरोबर आहे का?

जळगाव-भुसावळ पट्ट्यात घरदुरुस्तीची कामं बघतो म्हणून सांगतो, हा आकडा बरोबरही नाही आणि चूकही नाही. त्यात काम कोणतं, हेच लिहिलेलं नाही. नव्या बांधकामाला चौरस फुटाचा भाव एकवेळ चालतो. दुरुस्तीत तो कसा फसवतो, ते बाथरूममध्ये टेप धरली की कळतं.

समजा बाथरूम ७ बाय ५ चं आहे. चारही भिंतींची लांबी मिळून २४ फूट. डॅडो, म्हणजे भिंतीवरची टाइल, ७ फुटांपर्यंत घेतला तर १६८ चौरस फूट, दरवाजाचे साडेसतरा वजा केले की दीडशे उरतात. त्यात जमिनीचे ३५ मिळवा, काटछाट आणि तुटफूट १० टक्के धरा. टाइल लागली दोनशे फुटांच्या वर. ठेकेदाराच्या हिशेबात मात्र हे बाथरूम ३५ फुटांचं, म्हणजे ४२ हजारांचं. हॉलमधले ३५ फूटही ४२ हजारांचेच, आणि तिथे फक्त फरशी आणि रंग! हॉलमध्ये त्याला सुटतं, बाथरूममध्ये अंगावर येतं. मग तो कसर कुठे काढणार? टाइलखाली जे झाकलं जातं तिथे, म्हणजे वॉटरप्रूफिंगमध्ये.

त्या काळातल्या इमारतींत संडास-बाथरूमचा स्लॅब बहुधा फूटभर खाली असतो आणि वर विटांच्या तुकड्यांचा भराव. गळती असेल तर तो सगळा काढावा लागतो. जुनी नहाणी ट्रॅप (सांडपाण्याची जाळी बसते ती), गंजलेला लोखंडी पाइप, सगळं तिथेच सापडतं. नुसती टाइल बदलून वरून केमिकल मारणारा मिस्तरी स्वस्त पडतो खरा, पण खालच्यांच्या छताला ओल आली की त्यांचं पुट्टी-रंगाचं बिलही तुमच्याच दारात येतं. म्हणून कोटेशनमध्ये स्पष्ट लिहून घ्या: भराव काढणे, वॉटरप्रूफिंग, ४८ तास पाणी भरून तपासणी, मग कोबा (सिमेंटचा थर) आणि टाइल. पाणी भरलेलं असताना खालच्या घरी जाऊन छत बघा, ठेकेदाराला सोबत घेऊन.

बाकी घराचा हिशेब खोलीवार काढा आणि प्रत्येक कामाचं माप त्याच्या एककात लिहा. फरशी चौरस फुटात, ओटा आणि स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) रनिंग फुटात, म्हणजे नुसत्या लांबीवर, लाइट आणि नळाचे पॉइंट मोजून, दारं नगावर. रंगाचं क्षेत्र भिंती आणि छत मिळून कार्पेटच्या साधारण तिप्पट ते साडेतीनपट निघतं. मजुरी आणि माल वेगळे मागा. दर पटत नसेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची बघा, तोडफोडीपासून प्लास्टरपर्यंत सगळ्याचे दर त्यात असतात. बाजारभाव तंतोतंत तेच नसतात, पण कुठे हात मारलाय ते समजतं. 'जीएसटी वेगळा' ही ओळ शोधा. नोंदणीकृत ठेकेदाराने मालासकट कामावर १८ टक्के लावले तर तुमच्या आकड्यावर १ लाख ३३ हजार ९२० वाढले. नोंदणी नसलेल्याला जीएसटी लावताच येत नाही.

मलब्याचा खर्च कुणी आधी बोलत नाही. ६०० फूट फरशी आणि खालचा तीन इंच थर म्हणजे दीड ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट), फोडल्यावर फुगून दोनच्या वर. तो तिसऱ्या मजल्यावरून घमेल्यांनी खाली येणार, लिफ्ट मिळाली नाही तर बिगारी दुप्पट. ट्रॉलीचं भाडं वेगळं. जुनी फरशी घट्ट असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत नसेल, तर तिच्यावरच ॲडहेसिव्हने नवी टाइल लावता येते. तोडफोड आणि मलबा वाचतो. मात्र दारं खालून कापावी लागतात, आणि स्लॅबवर वजन वाढतं म्हणून एकदा इंजिनिअरला विचारा.

वायरिंगवर इथे हात आखडू नका. उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो, एसी आणि कूलर एकदम चालतात. एसी-गिझरला ४ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र वायर, साध्या लाइटला दीड पुरते. महावितरणकडून मंजूर भार वाढवावा लागेल का, तेही पाहून घ्या.

काम मे महिन्यात काढू नका. प्लास्टरला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं, आणि आपल्याकडे नळाला रोज पाणी येणारी गावं थोडी. टँकर सांगावा लागतो. शिवाय आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माणसं गावी गेली की कधी परततील याचा नेम नाही. कापूस वेचणीचे दिवसही टाळा, तेव्हा बिगारी मिळत नाही. ठेकेदार म्हणेल, "व्हई जाई, भाऊ," म्हणजे होऊन जाईल. तारीख लिहून घ्या.

आता पट्ट्याचं. थकलेलं भुईभाडं, हस्तांतरण शुल्क, ना-हरकत हे खर्च दुरुस्तीच्या हिशेबात मिसळू नका, पण पैसे घालण्याआधी त्यांचा निकाल लावा. पट्टेदार, म्हणजे जमीन पट्ट्याने घेणारी, बहुधा सोसायटी असते आणि तुम्ही तिचे सभासद, त्यामुळे मूळ पट्ट्याची प्रत सोसायटीकडे मागा. एमआयडीसीचा पट्टा साधारणपणे ९५ वर्षांचा असतो, इतरांची मुदत करारात दिसेल. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ प्रमाणे, करारात वेगळं काही नसेल तर, पट्टेदाराला जमीनमालकाच्या संमतीशिवाय कायमचं बांधकाम करता येत नाही. स्वतः जोडलेल्या वस्तू मात्र ताबा असेपर्यंत काढून नेता येतात, जागा मूळ स्थितीत ठेवून. फरशी, रंग, नळ यांना सहसा कुणी अडवत नाही. भिंत पाडणं, बाल्कनी खोलीत घेणं यासाठी सोसायटी, पालिका आणि पट्टा देणारा, तिघांकडे जावं लागू शकतं.

पट्ट्याची ५०-६० वर्षं शिल्लक असतील तर मुदतीचा घोर करू नका. १२च असतील आणि नूतनीकरणाची खात्री नसेल, तर ७ लाख ४४ हजारांना १२ ने भागा: वर्षाला ६२ हजार, महिन्याला पाच हजारांच्या वर. त्या भागातल्या भाड्याशी ताडून बघा. अशा वेळी पाइप, वायरिंग आणि वॉटरप्रूफिंग चांगलं करा, फरशी जमेल तशी वाचवा, आणि भिंतीत चिणलेल्या कपाटांऐवजी उचलून नेता येतील अशी घ्या.

या सगळ्यावर १५ टक्के राखून ठेवा. भिंत फोडल्यावर काय निघेल ते आधी कुणालाच दिसत नाही. मूळ पट्ट्यातली शिल्लक वर्षं आणि संडास-बाथरूमची मापं टाकलीत तर ठेकेदाराचा आकडा कुठे फुगलाय ते सांगता येईल.