कंबर चटईला चिकटवायची की खाली जागा ठेवायची?

तुम्ही विचारलंय की पिलाटेसमध्ये, म्हणजे चटईवर सावकाश, ताब्यात ठेवून हालचाली करायच्या व्यायामपद्धतीत, उताणं झोपल्यावर एक शिक्षिका ‘कंबर चटईला चिकटवा’ सांगतात आणि दुसऱ्या ‘खाली जागा राहू दे’ म्हणतात, तर कण्याची बरोबर स्थिती कोणती आणि ती आपली आपल्याला कशी कळावी.

मी सहा वर्षं सराव करतेय. त्यातलं पहिलं दीड वर्ष कंबर दाबूनच सगळं केलं. पाय उचलला की जांघेत ओढ बसायची, नितंब आवळलेले असायचे आणि रात्री कंबर ठणकायची. म्हणून तुमचा प्रश्न मला फार जवळचा वाटला.

दोन्ही सूचनांना आधार आहे. ही पद्धत घडवणारे जोसेफ पिलाटेस (१८८३–१९६७) स्वतः सपाट पाठीचा आग्रह धरत. आज मात्र बरेच शिक्षक कण्याचे नैसर्गिक बाक जपायला सांगतात. मानेचे ७ मणके पुढे झुकलेल्या कमानीत असतात, छातीमागचे १२ मागे फुगतात आणि कमरेचे ५ पुन्हा पुढे. चालताना-उचलताना येणारा भार या बाकांमुळे वाटला जातो. कंबर दाबून सपाट केली की खालचा बाक पुसला जातो. हे बाक जिथे टिकतात त्या मधल्या स्थितीला ‘न्यूट्रल’ म्हणतात.

ती शोधताना कमरेखालची जागा मोजू नका. ‘तळहात सरकला पाहिजे’ हे माप मला पटत नाही, कारण कुणाचा बाक खोल असतो, कुणाचे नितंब भरलेले असतात, आणि जागा त्याप्रमाणे बदलते. हाडं मात्र फसवत नाहीत.

उताणं झोपा, गुडघे वाकवा, पावलं खुब्यांइतक्या अंतरावर ठेवा. सलवारीची नाडी बांधतो त्याच्या जरा खाली दोन्ही बाजूंना टोकदार हाडं हाताला लागतात, त्यांवर तळहातांचा मनगटाजवळचा भाग ठेवा. बोटांची टोकं ओटीपोटाच्या अगदी खाली, दोन जांघांच्या मधल्या हाडावर येऊ द्या. हातांचा त्रिकोण होतो. आता कंबर हलकेच चटईकडे न्या. बोटांची टोकं वर येतील. मग उलट, कंबर वर उचलून माकडहाडाकडे कला. टोकं खाली जातील. असं आठ-दहा वेळा करा आणि दर वेळी हेलकावा लहान करत आणा. जिथे त्रिकोण जमिनीला समांतर राहतो आणि कुठलाच स्नायू आवळावा लागत नाही, ते तुमचं न्यूट्रल. खात्री करायची तर त्रिकोणावर शंभरपानी वही ठेवा. पोट मोठं असेल तर वही कलते, तेव्हा बोटांवरच विश्वास ठेवा.

इथे बहुतेकजण बरगड्या विसरतात. बाक राखायच्या नादात छाती वर उघडते आणि पाठीचा मधला भाग चटईवरून सुटतो. श्वास सोडताना पुढच्या बरगड्या खाली विसावू द्या. हनुवटी छताकडे जात असेल तर डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही, मी अजून घेते.

खरी परीक्षा पाय हलल्यावर होते. श्वास सोडत, नाभीखालचं पोट हलकं आत घेत एक पाऊल जमिनीवरून चार बोटं उचला. वही हलली का? हलली तर आणखी कमी उचला. मला ही एवढीशी हालचाल नीट जमायला तीन आठवडे लागले, आणि रात्रीचं ठणकणं त्यानंतरच थांबलं.

मग ‘कंबर टेकवा’ कधी? दोन्ही पाय हवेत असताना, उदाहरणार्थ ‘हंड्रेड’ करताना (डोकं-खांदे आणि पाय उचलून, हात खालीवर हलवत शंभर मोजायचे, तो व्यायाम). पोटाची ताकद कमी पडली की पायांचं वजन कंबर वर ओढतं. तेव्हा थोडीशी टेकवून घेणं सुरक्षित, पण ते पोटाने. नितंब आवळून किंवा पावलं रेटून नाही. तुमच्या पहिल्या शिक्षिका नवख्यांना तसं सांगत असतील तर बरोबरच आहे. त्यांना एकदा विचारा, एक पाय जमिनीवर असतानाही हेच करायचं का.

दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील किंवा हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल, तर वरचं काहीही करण्याआधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. काही जणांना वाकणं सोसत नाही, काहींना मागे कलणं, आणि ते चटईवर झोपून कळत नाही.