जर्सी सिटीत 'काळ्यांच्या वस्तीत' घर भाड्याने घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याची बदली अमेरिकेत न्यूयॉर्कशेजारच्या जर्सी सिटीला झालीय, तिथल्या बर्गन-लाफायेत भागात परवडणारी जागा मिळतेय, पण भारतीयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे एकच सांगतात: ती काळ्यांची वस्ती आहे, तिकडे जाऊ नका, जर्नल स्क्वेअरला आपल्या लोकांत राहा.

मी याच भागात बरीच वर्षं राहते. माझं उत्तर: जागा चांगली असेल तर जरूर घ्या. ग्रुपवर सांगणाऱ्यांपैकी इथे राहिलेलं कोण आहे, एवढं मात्र एकदा विचारून बघा. बहुतेकांना कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि त्या कुणालातरी आणखी कुणी.

या शहरात सुरक्षितता वस्तीगणिक नाही, गल्लीगणिक बदलते. एका ब्लॉकवर रात्री दहालाही माणसं घराच्या पायऱ्यांवर बसलेली असतात, दोन ब्लॉक पुढे बंद गॅरेजं आणि मिणमिणता उजेड. म्हणून संध्याकाळी अंधार पडल्यावर लाइट रेलच्या (शहरातल्या ट्रामसारख्या गाडीच्या) स्टेशनपासून त्या घरापर्यंत चालत जा. शनिवारी रात्रीही एक चक्कर मारा. एजंटला "तिथे कुठले लोक राहतात" असं विचारू नका, तो सांगणार नाही. 1968च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे वंश बघून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं किंवा तिथून परतवणं बेकायदा आहे. हा कायदा तुमच्याही उपयोगाचा आहे. मासे-मटण खाता म्हणून मुंबईत मराठी माणसाला फ्लॅट नाकारला की आपलं रक्त उसळतं. इथे अख्ख्या वस्तीवर फुली मारताना तो संताप कुठे जातो, हा प्रश्न मला खरोखर छळतो.

माझ्या रस्त्यावर जुनी घरं आहेत, आणि त्यातली बरीचशी कृष्णवर्णीय कुटुंबांची, दोन-तीन पिढ्यांपासूनची. शेजारच्या आजींचे आईवडील दक्षिण कॅरोलिनातून कामासाठी इकडे आले. घर घेणं सोपं नव्हतं. 1930च्या दशकात सरकारी संस्थेने अमेरिकेतल्या शहरांचे नकाशे रंगवले होते, कर्ज देण्यात कुठे धोका आहे ते दाखवायला, आणि कृष्णवर्णीय राहतात एवढ्यावरून वस्त्या लाल रंगात गेल्या. कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही, डागडुजी नाही म्हणून भाव नाही. आज आपण त्या पडक्या कठड्यांकडे बघून "हे लोक घर नीट ठेवत नाहीत" म्हणतो.

या आजींना रस्त्यावरचं सगळं माहीत असतं: कुणाची गाडी झाडलोटीच्या दिवशी चुकीच्या बाजूला उभी आहे, कुणाच्या दारात सकाळपासून पार्सल पडलंय. पार्सल त्या आपल्या घरात नेऊन ठेवतात. ग्रुपवर मात्र इथलं पार्सल चोरीला गेलं की "ते लोक" असतात, आणि डाउनटाउनच्या उंच इमारतीतून गेलं की नुसता "चोर".

आता दुसरी बाजू. आपल्याबद्दलही इथे मतं आहेत. भारतीय माणूस समोरून येतो, फोनमध्ये बघत निघून जातो, गुड मॉर्निंगला उत्तर देत नाही, ही तक्रार मी अनेकदा ऐकलीय. इथल्या जुन्या माणसांना तो उद्धटपणा वाटतो. आपल्यासारखे पगारदार आले की भाडी वाढतात, याचाही राग आहे, आणि तो निराधार नाही, ज्यांना घरं सोडावी लागली ती कुटुंबं त्यांच्या ओळखीची आहेत. तेव्हा पहिल्या आठवड्यातच दोन्हीकडच्या दारांवर जाऊन नाव सांगा. बर्फ पडला की आपल्यासमोरचा फुटपाथ सकाळी साफ करा, आणि शेजारी म्हातारं माणूस असेल तर फावडं तसंच पुढे न्या. फोडणीचा वास जाईल म्हणून घाबरू नका. कुणी नाक मुरडलं तर ताट पाठवा, नाही आवडलं तर ते तसं सांगतील.

"आपल्या लोकांत सुरक्षित" हे तर या शहराचा इतिहास विसरून बोलणं आहे. 1987 साली इथल्या वर्तमानपत्राला एका टोळीचं पत्र आलं, भारतीयांना जर्सी सिटीतून हाकलून देऊ अशा धमकीचं. कपाळावरच्या टिकलीवरून स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवणारी ही माणसं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेजारच्या होबोकेन शहरात नवरोज मोदी या भारतीय गृहस्थांना तरुणांच्या टोळक्याने एवढं मारलं की चार दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. ते पारशी होते. सोबतच्या गोऱ्या मित्राला कुणी हात लावला नाही. काही दिवसांतच जर्सी सिटीत एका भारतीय डॉक्टरला बेदम मारहाण झाली. "हे लोक" म्हणून सगळ्यांना एका पोत्यात घातलं की काय होतं, ते आपण सोसलेलं आहे.

आणि आपण इथे आलोच कसे? 1946च्या कायद्याने भारतातून वर्षाला फक्त 100 जणांना स्थलांतराची परवानगी होती. ते दार 1965 साली उघडलं, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने देशाचं वातावरण बदलल्यावर. म्हणून माझ्या मुलांसमोर कुणी पाहुण्याने कृष्णवर्णीयांबद्दल वाकडं बोललं तर मी तिथेच थांबवते, मग तो वयाने कितीही मोठा असो.

भांडणं होतील, पार्किंगवरून नक्कीच होतील. एका घरातला मुलगा रात्री मोठ्याने गाणी लावतो. मी जाऊन सांगते, तो आवाज कमी करतो, पुढच्या महिन्यात पुन्हा सांगावं लागतं. पुण्यातही हेच करत होते.

एका बाबतीत मात्र माझं ऐका. ती जागा तळघरातली असेल तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. सप्टेंबर 2021मध्ये आयडा वादळाच्या पावसात न्यूयॉर्कमध्ये तळघरातल्या घरांत माणसं बुडून गेली. घरमालकाला त्या रात्री पाणी कुठवर आलं होतं ते विचारा, आणि तेच शेजाऱ्यालाही विचारा.